मोठी किल्ली आधी काढ

सोमवार, ४ तारीख

मुंगे,

पत्र फाडायचं तर फाड, पण त्याआधी गाडीची किल्ली हातात घे आणि तिला लटकलेलं सगळं काढून टाक. मोठी किल्ली आधी काढ. मग खुशाल फाड.

माझा फोन तू उचलत नाहीस. तुझ्या भाऊजींच्या फोनवरून केला, तर माझा आवाज ऐकल्याबरोबर कट केलास. म्हणून लिहायला बसले. लिहायचा मला किती कंटाळा आहे ते तुला माहीत आहे. दुकानाच्या पावत्यासुद्धा तूच लिहायचीस. तेव्हा चुका काढत बसू नकोस, नर्सबाई.

झालंय असं. आपली डबी ज्या कंपनीची गाडी आहे, त्या कंपनीचं पत्र आलं. आईच्या नावाने. गाडी कागदावर अजून आईचीच आहे, आणि आई गेली हे कंपनीला कुणी कळवलेलं नाही. भाऊजींनी मोठ्याने वाचलं. ‘आदरणीय ग्राहक, काही विशिष्ट परिस्थितीत किल्ली आपल्या स्थानावरून सरकण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ मी म्हटलं, माणसासारखं सांगा. मग त्यांनी सांगितलं. चालत्या गाडीत किल्ली आपोआप मागे फिरते आणि गाडी बंद पडते. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेक जड. आणि एकदा किल्ली मागे फिरली की धडक झाली तरी एअरबॅग उघडत नाही. किल्लीला ओझं असेल आणि रस्त्यात हिसका बसला, की असं होतं म्हणे. आतला भाग झिजतो. आपल्या डबीच्या वयाच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्यात. भाग बदलून देणार आहेत. तोवर गाडीची किल्ली एकटी वापरायची, जुडग्यात नाही.

आपल्या जुडग्याचं तर बोलायलाच नको. आई रोज काहीतरी हरवायची, म्हणून डबीची किल्ली आणि घराची मोठी किल्ली मी एका चामड्याच्या पट्टीत शिवून टाकली होती. मेणाचा दोरा, दुहेरी टाका. सीटकव्हरला घालते तोच. आणि ती मोठी किल्ली म्हणजे काय किल्ली आहे का? गोदाम बंद पडलं तेव्हा बाबांनी तिथलं कुलूप घरी आणलं आणि दोन खोल्यांच्या घराला लावलं. चोराच्या डोक्यात घातली तर चोर उठायचा नाही. त्यात तू आणखी तुझ्या पेशंटांच्या घरांच्या किल्ल्या अडकवल्या असशील. धंदाच तुझा तो. म्हाताऱ्यांना उठून दार उघडता येत नाही, म्हणून सगळ्यांची दारं तुझ्या पर्समध्ये.

मला भीतीबिती काही वाटत नाही. कंपन्यांकडे कागद फार झालेत. पण काढ.

आणि मोठी किल्ली काढलीस की ती मला पाठवून दे. आईचं घर भाड्याने द्यायचंय, लोक विचारून जातात, आणि दोन्ही किल्ल्या हातात दिल्याशिवाय कोण राहायला येईल? तुला तिकडे तिचा काय उपयोग आहे?

ताई


गुरुवार, ७ तारीख

मुंगे,

सोमवारचं पत्र मिळालं असेल तर त्यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकीचं परत वाच.

आज आपल्या गल्लीत एक गाडी ओढून आणली. डबीसारखीच, त्याच रंगाची. तोंड पार आत गेलेलं. मी मशीनवर होते. शेजारच्या गॅरेजातल्या पान्याने हाक मारली, “ताई, तुमची कव्हरं आलीत परत.” मला वाटलं कुणी भांडायला आलंय, शिवण उसवली म्हणून. बाहेर आले. खरंच माझी कव्हरं होती. तपकिरी, कडेला पांढरी पायपिंग.

ओळखलं मग. मास्तरांची गाडी. ते आणि त्यांची बायको एकाच शाळेत आहेत. ती खेळ शिकवते. तीच आली होती कव्हरं शिवायला, पायपिंगच्या रंगावरून माझ्याशी तासभर वाद घातला होता. मला आवडली होती ती बाई. गाडी तीच चालवत होती. सरळ रस्ता, पुढे एक वळण. वळणावर गाडी वळलीच नाही. ती दवाखान्यात आहे. डोळे उघडते, पण कुणाला ओळखत नाही.

मास्तर गाडीशेजारी उभे होते. सीट काढून विकायच्या होत्या म्हणून मला कव्हरं उतरवायला सांगितली. पायपिंगच्या कडेत काचेचा चुरा बसला होता, बोटाला टोचत होता. चालवणाऱ्याच्या सीटवर एका बाजूला डाग होता. मी तो भाग आत दुमडला. मास्तर बघत होते.

पान्या म्हणाला, “बॅटरी गेली असणार.” त्याचं सगळं बॅटरीपाशी येऊन थांबतं. स्वतःचं लग्न मोडलं तेही बॅटरीमुळे असं सांगेल तो.

मास्तर म्हणाले, “किल्ली बघा.”

बघितली. किल्ली जागेवरच होती, पण बंदवर. जुडग्यात शाळेच्या कपाटांच्या किल्ल्या, शिट्टी, एक छोटा टॉर्च, काय काय.

“कुणी हात लावला होता का?” पान्याने विचारलं.

“मीच सगळ्यात आधी पोचलो,” मास्तर म्हणाले. “अशीच होती. गाडी चालवताना कोण बंद करतं हो किल्ली?”

 मी स्टिअरिंगकडे बघितलं. मधलं झाकण, ज्याच्या आत तो एअरबॅगचा फुगा असतो, नव्यासारखं होतं. गाडीचं तोंड मोडलं, काच फुटली, सीट वाकली, आणि ते झाकण जसंच्या तसं. त्याला काही कळलंच नव्हतं.

मास्तर गेल्यावर मी घरात गेले आणि माझ्याकडची मोठी किल्ली घेऊन आले. कुलपाच्या दोन किल्ल्या, एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. त्या मोडक्या गाडीची किल्ली पान्याने चालूवर फिरवली. जुडगं काढून मी तिथे माझी किल्ली दोऱ्याने बांधली. पान्या म्हणाला, “काही होत नाही ताई, उगाच घाबरता.” असं म्हणून त्याने दारावर एक थाप मारली. जोरात नाही, बैलाला मारतात तशी.

टक्.

किल्ली मागे फिरली. हात न लावता.

पान्याने परत चालूवर केली, परत थाप मारली. परत टक्. तिसऱ्यांदा मी त्याचा हात धरला. त्याचं तोंड उतरलं होतं. बॅटरीचं नाव परत काढलं नाही त्याने.

तेव्हापासून मशीन थांबलं की मला तो आवाज येतो. सुई वर राहते आणि टक्. दाराची कडी लागली तरी टक्.

काढ गं किल्ली. पाठवू नकोस. ठेव तुझ्याकडे, उशाशी ठेव, गळ्यात घाल. फक्त गाडीत लटकवू नकोस. शिवण निघत नसेल तर पट्टीच काप, मला राग येणार नाही.

ताई


मंगळवार, १२ तारीख

मुंगे,

पाकिटावर बाहेर मोठ्या अक्षरात लिहिलंय ते वाचलंस ना? ‘किल्ली मागत नाही. आत गाडीबद्दल आहे.’ पोस्टातला माणूस हसला. हसू दे.

तुझ्या नर्सांच्या ऑफिसात फोन केला होता. तिथल्या बाईला म्हटलं, माझ्या बहिणीला निरोप द्या. तिने विचारलं, काय निरोप? मी घाईत होते, समोर गिऱ्हाईक उभं, आणि तुझ्या भाषेत सांगायचं तर माझा आवाज मुळातच भांडणाचा. मी म्हटलं, “तिला म्हणावं ती किल्ली आधी काढ, नाहीतर मी येऊन काढीन.”

त्या बाईने दिला की निरोप. शब्दाला शब्द. दुसऱ्या दिवशी मी परत फोन केला तर म्हणते, “हो, सांगितलं. त्या म्हणाल्या, ताईच्या तोंडातून किल्ली अजून निघाली नाही का? म्हणावं, जीव गेला तरी देणार नाही. हसत होत्या.”

“आणि गाडीचं सांगितलं का?”

“गाडीचं काय? तुम्ही तर किल्लीचंच बोललात.”

मला रिसीव्हर फोडावासा वाटला. स्वतःच्या डोक्यात. तू हसलीस. तुला वाटलं मी घर मागतेय. आणि म्हणालीस काय, तर जीव गेला तरी. असं बोलू नये मुंगे. भांडणातसुद्धा बोलू नये.

पत्रं तू घेतलीस म्हणे आणि पर्समध्ये टाकलीस. तिच्यासमोर उघडली नाहीस. म्हणजे त्या पर्समध्ये माझं पत्र आणि ते जुडगं शेजारी शेजारी पडलंय. पत्र ओरडतंय आणि जुडग्याला ऐकू येत नाही.

मी निघणारच होते तुझ्याकडे. बाई म्हणाली, येऊन काय करणार, त्या एका घरी कुठे असतात? आज या पेशंटकडे, उद्या त्या. आणि पेशंटांचे पत्ते ऑफिस देत नाही. मी म्हटलं, मी बहीण आहे. ती म्हणाली, सगळ्याच बहिणी असतात.

मग शोरूमला गेले. मनात म्हटलं, गाडी नाही तर नाही, तो भाग तरी मागून घ्यावा आणि तुला पाठवावा. तिथे आपल्यासारखे बरेच जण जमले होते. काचेचं दार, थंड हवा, आणि सगळ्यांच्या कपाळाला घाम. एका बाईची गाडी बोगद्यात बंद पडली होती, मागच्या सीटवर तान्हं मूल. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून आज ती सांगायला आली होती. सांगताना मुलाला एवढं घट्ट धरत होती की ते रडायला लागलं. एक टॅक्सीवाला म्हणाला, “मी गुडघा आखडून बसतो. किल्लीला गुडघा लागला की गाडी बंद. संध्याकाळी मांडी उचलत नाही.” एक म्हातारे साहेब होते, ते किल्ली सुतळीने बांधून चालवतात. म्हणे गेल्या वर्षापासून तक्रार करतायत. दर वेळी इथली माणसं गाडी धुऊन परत देतात. “गाडी माझी शहरात सगळ्यात स्वच्छ आहे,” म्हणाले.

काउंटरवर एक टायवाला पोरगा.

“काकू, गाडी कुठे लावलीय?”

“गाडी माझ्याकडे नाही.”

“मग कोणाकडे आहे?”

“बहिणीकडे.”

“मग बहिणीला गाडी घेऊन पाठवा.”

“ती माझ्याशी बोलत नाही.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या कॉम्प्युटरकडे. कॉम्प्युटरलाही त्यावर काही सुचलं नाही. “गाडी कुणाच्या नावावर आहे?”

“आईच्या.”

“मग आईंना पाठवा.”

“आईला तुम्ही बोलवा,” मी म्हटलं. “तुमचं ऐकून आली तर मलाही भेटायचंय तिला.”

मागचे हसले. पोरगं लाल झालं. वाईट नव्हता तो. हळू आवाजात म्हणाला, “काकू, गाडी आणूनही आत्ता उपयोग नाही. भागच आलेला नाही. नव्या गाड्यांचे आधी आलेत. जुन्या गाड्यांचा नंबर नंतर.”

म्हातारे साहेब म्हणाले, “वरच्यालाही कळवा म्हणावं, आमचाही नंबर नंतर लाव.”

कुणी हसलं नाही या वेळी.

म्हणजे बघ, कुणी काही करणार नाहीये. करायचं ते एवढंच, किल्ली एकटी ठेवायची. आणि ते तुझ्या हातात आहे, आणि तुझा हात माझ्या हातात नाही.

ताई


शुक्रवार, १५ तारीख

मुंगे,

आज ऑफिसातल्या बाईशी गोड बोलले. तुझे भाऊजी शेजारी उभे होते, आवाज चढला की माझ्या खांद्यावर बोट ठेवायचे. सगळं नीट सांगितलं. गाडी, किल्ली, ओझं, हिसका. बाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अगं बाई. म्हणून ती बंद पडते का?”

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. म्हटलं, काय बंद पडते?

तर म्हणाली, डबी मधेच बंद पडते तुझी. बऱ्याच दिवसांपासून. परवा उतारावर बंद पडली आणि कडेच्या दगडाला जाऊन टेकली. दगड नसता तर खाली काय आहे ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आणि तू ऑफिसात येऊन हसत सांगितलंस की गाडी म्हातारी झालीय, माझ्या पेशंटांसारखी, बोलता बोलता तिचा डोळा लागतो.

डोळा लागत नाही गं तिचा. टक् होतं. तुझ्या गुडघ्यापाशी होतं, आणि ते आपण दोघींनी मिळून तिथे लटकवलंय. मी शिवलं आणि तू नेलंस.

मी बाईला म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोन लावा तिला. ती म्हणाली, आता आठवडाभर लागायचा नाही. तू वरच्या वस्त्यांवर गेलीस, तिकडे फोन चालत नाही. औषधांची गाडी जाते फक्त, तिच्याबरोबर टपाल जातं. म्हणजे मला लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. ज्या बाईला लिहिता येत नाही तिनेच लिहायचं, आणि जिला वाचता येतं ती उघडत नाही.

वरच्या वस्त्या म्हणजे वळणं. तिकडचा रस्ता मी बघितलेला नाही, पण आता रोज बघते. कापड टेबलावर पसरलं की त्याला सुरकुत्या पडतात, त्या मला रस्ते दिसतात. आज एका गिऱ्हाइकाच्या सीटचं डावं कव्हर उजवीकडे शिवलं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. पान्या म्हणाला, “ताई, बॅटरी बदला.” मी त्याला शिवी दिली आणि मग रडले. तो बिचारा त्याच्या गॅरेजात पळून गेला.

एक बोलते. पहिल्या पत्रात मी किल्ली मागितली ती खरंच मागितली होती. कंपनीचं निमित्त झालं, म्हटलं एका दगडात तेही उरकून घेऊ. गाडीच्या गोष्टीवर तेव्हा माझा फारसा विश्वास नव्हता. आता तू विश्वास ठेवत नाहीस तर मी कोणत्या तोंडाने बोलू?

तू निघालीस तो दिवस आठवतो मला. डबीत तुझं सामान भरलेलं, शिलाई मशीनच्या खोक्यात भांडी. तू म्हणालीस, “घर तुझ्याजवळ, गाडी माझ्याजवळ.” मी म्हटलं, ठीक. मग तू जुडगं उचललंस. मी म्हटलं, “मोठी किल्ली उसव आणि दे.” तू म्हणालीस, “तूच शिवलीस, मी उसवणार नाही.” मी कात्री आणायला आत गेले. बाहेर आले तर तू गाडीत बसून काच वर केलेली. काचेआडून म्हणालीस, “मी वळले की कुलूप बदलशील तू. ओळखते मी तुला.”

नाही बदललं मी. तुला खरं वाटणार नाही. दर रविवारी तेच कुलूप उघडते, झाडते, खिडकी उघडते, लावून येते. भाड्याने द्यायचं म्हणते आणि माणूस बघायला आला की त्याला सांगते ओल येते.

आज रविवार नाही, तरी जाऊन बसले तिथे. दाराला ते कुलूप आणि माझ्या मांडीवर ती किल्ली. बराच वेळ बघत होते. मग एक सुचलं. पोस्ट बंद होण्याआधी हे टाकते. पुढचं उद्या.

ताई


शनिवार, १६ तारीख

मुंगे,

कुलूप बदललं.

बस खाली आणि नीट वाच. रागावून पत्र चुरगाळू नकोस, आत काहीतरी आहे, हरवेल.

गोदामाचं कुलूप काढलं. पान्याला बरोबर घेतलं होतं, कडी जुनी आहे म्हणून. त्याला म्हटलं, या कुलपाचं वाट्टेल ते कर, पण ते परत कुणाच्या दाराला लागता कामा नये. त्याने गॅरेजात नेलं, ऐरणीवर ठेवलं आणि मोठ्या घणाने हाणलं. पहिल्या घावाला काही झालं नाही. बाबांनी काय वस्तू आणली होती. मग फुटलं. आतल्या पितळी चकत्या जमिनीवर सांडल्या आणि गल्लीतली माणसं बघायला आली. माझी किल्लीही मी त्या तुकड्यांतच टाकली. भंगारवाला घेऊन गेला.

तेव्हा ऐक. तुझ्याजवळची मोठी किल्ली आता जगात कशालाच लागत नाही. ती जवळ ठेवलीस म्हणून घर तुझं राहत नाही, आणि टाकलीस म्हणून जात नाही. ती आता नुसतं लोखंड आहे. आणि ते लोखंड तुला दरीत ओढतंय.

घराला नवं कुलूप लावलंय. लहान आहे, आईला आवडलं नसतं, म्हणाली असती हे पेटीला शोभेल. त्याला दोनच किल्ल्या. एक माझ्याकडे. दुसरी या पत्रात आहे, कापडाच्या पिशवीत. पिशवी मी शिवलीय, पण साधा टाका घातलाय, ओढलास की उसवेल. हातात घेऊन बघ. काही वजनच नाही. मी पाकिटात घातली तर मला दोनदा चाचपून बघावं लागलं, आहे की नाही.

पण तीही गाडीच्या किल्लीत अडकवू नकोस. हलकी आहे म्हणून लाडात येऊ नकोस. गाडीची किल्ली एकटी. पेशंटांच्या किल्ल्या वेगळ्या कडीत, पर्समध्ये. घराची किल्ली तुला हवी तिथे. उतारावर गाडी बंद पडलीच तर घाबरू नकोस, स्टिअरिंग जड होतं पण फिरतं, दोन्ही हातांनी ओढ. ब्रेकवर उभी राहा. हे मला त्या टॅक्सीवाल्याने सांगितलंय. 

भाड्याने देत नाही मी घर. ओल येते म्हणून सांगितलंय सगळ्यांना, आता खोटं कसं पडू?

औषधांची गाडी सोमवारी निघते, बाईने सांगितलं. हे पत्र तिने स्वतः ड्रायव्हरच्या हातात द्यायचं कबूल केलंय. मी तिला नवीन सीटकव्हर शिवून देणार आहे. तिच्याकडे गाडी नाही. म्हणाली, खुर्चीला चालेल.

सुखरूप खाली पोच, म्हणजे पुरे. काही लिहू नकोस. पोच.

ताई


मंगळवार, २६ तारीख

मुंगे,

मधले दिवस कसे गेले ते सांगत नाही. फोन वाजला की मी भाऊजींना घ्यायला लावायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. एकदा त्यांनी फोन घेतला आणि गप्प झाले, नुसतं हूं हूं करत राहिले. मी भिंतीला धरलं. त्यांच्या ऑफिसातलं कुणीतरी निवृत्त होत होतं. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

मास्तर आले होते काल. त्यांची बायको बोलली. पहिलं काय बोलली, तर कव्हरांचं काय झालं? मी म्हटलं, सांगा तिला, नवीन शिवते, पायपिंग तिच्या मनासारखी. गाडी नाही आता त्यांच्याकडे. म्हणाले, शिवा तरी.

आज दुपारी पोस्टमन आला. मी मशीनवर होते. पाकीट जड होतं. हातात घेतल्याबरोबर कळलं काय आहे ते. इतकी वर्षं ती किल्ली हाताळलीय, वजन विसरेन का?  वाटलं, सामान परत आलं. दवाखान्यातून माणसाचं सामान असंच पाकिटात घालून पाठवतात. मग पत्त्यावरचं अक्षर बघितलं. तुझं होतं. ‘ताई’ तसंच वाकडं काढतेस तू अजून.

उघडायला कात्री सापडेना. समोर तीन कात्र्या पडल्या होत्या, एकही दिसेना. शेवटी दाताने फाडलं. पान्या दारात येऊन उभा राहिला. बॅटरीसुद्धा म्हणाला नाही.

आत मोठी किल्ली होती. चामड्याची पट्टी होती. पट्टी तू कापली नाहीस. एकेक टाका उसवलास, भोकं शाबूत आहेत, दोरासुद्धा गुंडाळून पाठवलास. एवढी मोठी नर्स झालीस, शिकवलेलं विसरली नाहीस. आणि औषधाच्या डब्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलंयस: ‘टाके फार घट्ट होते. माणसाचे सोपे असतात. गाडीच्या किल्लीला आता काही नाही. तुझी सगळी पत्रं एकदम वाचली. ओरडतेस फार.’

ओरडतेच मी. ओरडणार. गाडीचा तो भाग यायचाय अजून, टायवाल्या पोराकडे मी दर आठवड्याला जाऊन बसते. मला बघितलं की तो पाणी मागवतो. भाग आला की कळवीन, तोवर वळणावर सांभाळ, आणि उतारावर गाडी हळू घे, घाई कुणाला नाहीये, तुझे म्हातारे कुठे पळून चाललेत?

भीती गेली असं म्हणणार नाही. मशीन थांबलं की अजून कान टवकारते. पण आज तो आवाज आला नाही.

पुठ्ठा वाचून झाल्यावर मी पाकिटात परत हात घातला. मग ते उलटं करून झटकलं. टेबलावर झटकलं, कापडं उचलून बघितली, पान्याला खाली वाकून बघायला लावलं. नवी किल्ली त्यात नव्हती.

ताई